टाइमशेअर फुकट द्यायचा म्हटला तरी कुणी का घेत नाही?

माझी आत्या ठाण्याला नौपाड्यात राहते. पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून आपला टाइमशेअर द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. म्हणजे रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क, दर वर्षी सात रात्री, अजून दहा वर्षं. नव्या जोडप्याला याहून चांगलं काय देणार, असा तिचा साधा विचार. पुतणी खूश झाली. नवऱ्या मुलाने मात्र कागद वाचायला मागितले. दोन दिवसांनी पुतणीचा फोन आला, "काकू, राग मानू नकोस, पण हे आम्हाला झेपणार नाही."

आत्याला ते फार लागलं. मग तिने जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाला विचारलं. सभासदांची सहल निघते, त्यांना उपयोगी पडेल, अशी कल्पना. तिथल्या चिटणीसांनी नम्रपणे एकच प्रश्न केला, "देखभालीचे वर्षाचे बावीस हजार कोण भरणार?" शेवटी तिने ऑनलाइन जाहिरात टाकली. आधी एक लाख, मग पन्नास हजार, मग फक्त ट्रान्सफरचा खर्च द्या. खऱ्या गिऱ्हाइकाचा एकही फोन आला नाही. फोन आले ते फसवणाऱ्यांचे. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

मी ऐरोलीहून एका रविवारी तिच्याकडे गेले आणि दोघींनी मिळून ती जाड फाईल पानापानाने वाचली. ठाण्यात, वाशी-नेरुळमध्ये अशी फाईल कितीतरी घरांच्या कपाटात आहे. पोरं पुण्याला किंवा परदेशात, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, फिरणं बंद, आणि दर वर्षी बिल येतंच आहे. त्या घरांसाठी हे लिहिते आहे.

मुळात घेतलं काय होतं?

कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात युरोपात ती सुरू झाली. सुट्टीचं घर एकट्याला परवडत नाही आणि वर्षभर लागतही नाही. मग अनेकांनी मिळून घ्यायचं आणि वर्षाचे ५२ आठवडे आपापसांत वाटून घ्यायचे. अमेरिकेत पुढे अनेक ठिकाणी हा आठवडा चक्क मालमत्तेसारखा खरेदीखताने विकला गेला. आपल्याकडे १९८० च्या दशकात हा व्यवसाय आला. स्टर्लिंग १९८६ ची, महिंद्र हॉलिडेज १९९६ ची. भारतात जे विकलं गेलं ते बहुतेक वेळा घर नव्हतं, घराचा हिस्साही नव्हता. तो ठरावीक वर्षांसाठी वापरायचा हक्क होता. कुठे २५ वर्षं, जुन्या करारांत कुठे ९९ सुद्धा. अमुक सीझन, अमुक आकाराची खोली, वर्षाला इतक्या रात्री. हल्ली रात्रींऐवजी पॉइंट देतात.

आपली पहिली चूक इथेच होते. आपण ठाणेकर कागद दिसला की त्याला मालमत्ता समजतो, आणि त्यात आपला दोष नाही. पन्नास वर्षांची गळकी इमारत असली तरी रीडेव्हलपमेंटला जाते आणि मोठा फ्लॅट हातात येतो, हे आपण गोखले रोडच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आत्याच्या यजमानांनीही ते पावणेतीन लाख त्याच भरवशावर भरले होते. "जागा आहे, भाव वाढणारच," हे त्यांचं वाक्य आत्याला अजून पाठ आहे. पण या फाईलमध्ये इंडेक्स टू नाही, शेअर सर्टिफिकेट नाही, सातबारा तर नाहीच. आहे तो एक करार. त्यात एका बाजूला तुमचा हक्क लिहिलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमचं देणं. हक्काची पानं रंगीत, गुळगुळीत. देण्याची पानं बारीक अक्षरात.

करार म्हटलं की तो दोघांमधला असतो. आपला हक्क एक वेळ दुसऱ्याला सोपवता येतो, पण आपलं देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं तर समोरच्या पक्षाची संमती लागते. म्हणजे इथे तीन होकार हवेत. देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि कंपनीचा. घेणाऱ्याचा होकार तर कुठल्याही भेटीला लागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षिसाची व्याख्याच अशी आहे की ते घेणाऱ्याने स्वीकारलं तरच पूर्ण होतं. त्याच कायद्यात कलम १२७ आहे, ते ओझं असलेल्या बक्षिसांबद्दल. एकत्र दिलेल्या वस्तूंतली एक देण्याने लादलेली असेल, तर घेणाऱ्याला फक्त चांगली तेवढी उचलून घेता येत नाही. घ्यायचं तर सगळं. कायदा करणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं की काही भेटी ओझ्याच्या असतात. टाइमशेअरला हे कलम नेमकं लागू पडतं की नाही हा वकिलांचा विषय, पण पुतणीच्या नवऱ्याने कागद वाचून जे ओळखलं ते हेच होतं.

भाव शून्यावर का येतो

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच उलगडते.

आत्याचं वार्षिक देखभाल शुल्क, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, ते १९,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,४२०. एकूण २२,४२०. सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीला सुमारे ३,२०० रुपये पडतात. तीनच वापरल्या तर एका रात्रीला जवळजवळ ७,५००. आणि एकही वापरली नाही तरी बिल २२,४२० चंच. सुरुवातीला भरलेले २ लाख ७५ हजार यात धरलेलेच नाहीत.

समोरचा माणूस काय बघतो? त्याच गावात तसलीच खोली आज ऑनलाइन किती रुपयांना मिळते. आम्ही त्या दिवशी आत्याच्या आवडत्या हिल स्टेशनला, तिच्या सीझनमधल्या मधल्या वारांना शोधलं. साधारण ४,००० ला खोल्या होत्या. वर सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर जीएसटी ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे घेणाऱ्याला सगळं जुळून आलं, सातही रात्री हव्या त्या तारखांना मिळाल्या, तर एका रात्रीमागे आठशे-हजार वाचणार. वर्षाला सहा-सात हजार. त्यासाठी त्याने दहा वर्षं बांधून घ्यायचं, मागाहून एएमसी वाढली तर सोसायची, मे महिन्यात किंवा दिवाळीत खोली मिळेल की नाही याची खात्री नाही, आणि सुरुवातीलाच कंपनीला ट्रान्सफर फी भरायची. एका वर्षी घरात आजारपण निघालं की तीन वर्षांची बचत गेली.

एएमसी वाढण्याचा हिशेब आत्याने कधी केलाच नव्हता. बऱ्याच करारांत ती महागाईच्या दराशी जोडलेली असते. वर्षाला ५ टक्के वाढ धरली, तर दहा वर्षांत तिला आणखी सुमारे २ लाख ८२ हजार भरायचे आहेत. म्हणजे तिने मुळात जितके भरले त्याहून जास्त. हा आकडा कॅल्क्युलेटरवर आला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

कुठल्याही वस्तूचा भाव म्हणजे तिच्यापासून पुढे जे मिळणार त्यातून तिच्यासाठी पुढे जे द्यावं लागणार ते वजा. फ्लॅटचं मेंटेनन्स भाड्यापुढे किरकोळ असतं म्हणून फ्लॅटला भाव येतो. इथे देणं आणि मिळणं जवळपास सारखं आहे, आणि वापर कमी झाला की देणं जड होतं. म्हणून भाव शून्य, कधी शून्याच्याही खाली. अमेरिकेत लोक असे आठवडे एका डॉलरला काढायला बसतात, तरी ते पडून राहतात. त्याचं कारण हेच.

मग तुम्ही म्हणाल, घेताना पावणेतीन लाख किंमत कशाची होती? ती किंमत कशी बनते ते आठवून पाहा. मॉलमध्ये कूपन भरलं होतं. मग गोड आवाजात फोन आला, तुम्हाला बक्षीस लागलं, नवरा-बायको दोघांनी यायचं, क्रेडिट कार्ड बरोबर ठेवायचं. हॉटेलचा हॉल, चहा-नाश्ता, मोठ्याने लावलेलं संगीत, टेबलापाशी हसतमुख मुलगा. दोन-अडीच तासांनी त्याचा साहेब येऊन म्हणतो, हा भाव फक्त आजच. आत्या आणि काका घोडबंदर रोडवरच्या अशाच एका हॉलमधून रात्री साडेनऊला सही करून बाहेर पडले होते. तो हॉल, तो नाश्ता, त्या मुलाचं कमिशन, ती बक्षिसं, हे सगळं त्या किमतीत होतं. विक्रीचा हा खर्च सहीच्या रात्रीच संपतो. तो पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही.

शिवाय तुम्ही विकायला निघता तेव्हा तुमची स्पर्धा खुद्द कंपनीशी असते. ती नव्या सभासदाला हप्ते देते, पहिल्या वर्षीच्या भेटी देते, जगभरातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआयसारख्या संस्थेचं सभासदत्व देते. अनेक करारांत लिहिलेलं असतं की सेकंडहँड घेणाऱ्याला यातल्या काही सवलती मिळणार नाहीत. गाडीला आरसी बुक आहे, शेअरला बाजार आहे, फ्लॅटला रेडी रेकनर आहे. टाइमशेअरला यातलं काहीच नाही. आज काय भाव चालू आहे ते सांगणारी जागाच नाही.

कंपनीच परत का घेत नाही?

आत्याचा हा प्रश्न रास्त होता. "त्यांचंच आहे, त्यांनाच परत देते. पैसेही नकोत."

कंपनीच्या बाजूने पाहा. तुमची एएमसी हे तिचं दर वर्षीचं खात्रीचं उत्पन्न आहे. तुम्ही गेलात आणि तुमच्या रात्री तिच्याकडे परत आल्या, तर त्या विकायला तिला पुन्हा मॉल, फोन, हॉल हे सगळं करावं लागणार. म्हणून तुम्हाला सोडण्याची तिला घाई नसते.

दुसरं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पैसे परत द्यायचं वचन दिलं की तो गुंतवणुकीचा व्यवहार ठरू शकतो. "नको वाटलं तर आम्ही व्याजासकट परत घेऊ," असं जे क्लब छातीठोक सांगत होते, त्यांचं काय झालं ते मुंबई-ठाण्यातल्या मराठी घरांना चांगलंच माहीत आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलातल्या रात्री विकल्या आणि न वापरल्यास मुदतीनंतर वाढीव रक्कम देऊ केली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१४ साली त्याला सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे गोळा करण्यावर बंदी घातली. तोवर ५१ लाखांहून अधिक लोकांचे ७ हजार कोटींहून अधिक रुपये त्यात गेले होते. सेबीचा कायदा हेच सांगतो की लोकांचे पैसे एकत्र करून परताव्याच्या आशेने ते दुसऱ्याने चालवायचे असतील, तर आधी सेबीची नोंदणी हवी. तेव्हा सुट्टीच्या नावाखाली कुणी परताव्याचं आमिष दाखवत असेल, तर तो सुट्टीचा करार राहिलेलाच नाही. ज्यांचे पैसे अशा योजनांत अडकले त्यांच्यात रिक्षावाले होते, भाजीवाल्या होत्या, निवृत्त शिपाई होते. त्यांच्याबद्दल लिहिताना आजही मन भरून येतं.

गिऱ्हाईक मिळालंय, असा फोन आला तर

जाहिरात टाकल्यावर आठवड्याभरात आत्याला फोन आला. अस्खलित हिंदी, अतिशय अदबीने. दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मेंबरशिप हव्या आहेत, तुमची ४ लाख ८० हजारांना घेतील. तिचं नाव, मेंबरशिप नंबर, कुठल्या वर्षी घेतली, सगळं त्याला ठाऊक. तिला वाटलं, एवढं माहीत आहे म्हणजे खरंच असणार. पण सभासदांच्या याद्या बाहेर फिरत असतात. नंबर माहीत असणं ही कसलीच खूण नव्हे.

मग व्हॉट्सअॅपवर शिक्का मारलेलं पत्र आलं. सगळं पक्कं, फक्त एनओसीसाठी २४,००० आगाऊ भरायचे, ते नंतर परत. आत्याने भरले असते तर पुढे जीएसटी आला असता, मग स्टॅम्प ड्यूटी, मग फाईल अडकली म्हणून आणखी काही. अशा प्रकरणांत माणूस पहिल्या रकमेला फसत नाही तितका दुसऱ्या-तिसऱ्या रकमेला फसतो, कारण आधीचे वाचवायचे असतात.

ओळखायची खूण एकच आणि पक्की आहे. खऱ्या विक्रीत दलालाची दलाली आलेल्या पैशातून कापली जाते. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हे कुठल्याच प्रामाणिक व्यवहारात होत नाही. युरोपीय संघाने २००८ च्या आपल्या टाइमशेअर नियमांत हे कायद्यानेच ठरवून टाकलं. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पुनर्विक्री करून देणाऱ्याने ग्राहकाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. नवा टाइमशेअर घेणाऱ्यालाही तिथे १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो आणि त्या काळात आगाऊ रक्कम मागायलाच बंदी. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा अजून नाही. तो व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तोवर करारात जे दिवस लिहिले असतील तेवढेच हाती. ताजी सही असेल तर आजच फाईल उघडा. रद्द करण्याची मुदत दिलेली असेल, तर तिच्यातला एक-एक दिवस मोलाचा आहे आणि त्या मुदतीत लेखी कळवलं तर पुढचं सगळं टळतं.

पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे. "सरेंडरच्या कामासाठी मीटिंगला या," म्हणजे मेंबरशिप कंपनीला परत देण्यासाठी या, असं बोलावतात आणि तिथे गेल्यावर जुन्या मेंबरशिपऐवजी नवी, मोठी, आणखी लाखभर भरून घ्यायला लावतात. आत्या एका अशा मीटिंगहून सही न करता परत आली. तिची नातसून बरोबर होती म्हणून.

आणि कुणी खरोखरच घ्यायला तयार झालं, तरी स्टॅम्प पेपरवर आपापसांत लिहून मोकळं होऊ नका. कंपनीच्या नोंदीत नाव बदलल्याचं तिचं पत्र येत नाही तोवर तिच्या दृष्टीने सभासद तुम्हीच आहात. समोरच्याने एएमसी थकवली तर नोटीस तुमच्याच पत्त्यावर येणार.

सुटायचं कसं

विकण्याचा नाद सोडला की वाट दिसू लागते. आम्ही दोघींनी केलं ते असं.

आधी करार शोधून त्यात तीन जागांवर खुणा केल्या. मुदत कधी संपते, ट्रान्सफरबद्दल काय लिहिलंय, आणि सरेंडर किंवा रद्द करण्याबद्दल काय. भारतातल्या बऱ्याच मेंबरशिपना शेवटची तारीख असते, हे आपलं भाग्य. तुमची तीन-चार वर्षंच उरली असतील, तर कदाचित वापरून संपवणं हेच स्वस्त पडेल. मेंबरशिप देता येत नसली तरी रात्री देता येतात. अनेक करारांत सभासदाच्या वतीने नातेवाइकाला पाहुणा म्हणून पाठवता येतं. आत्याने पुतणीला मेंबरशिपऐवजी त्या वर्षीच्या सात रात्री दिल्या असत्या, तर आहेर आनंदाने स्वीकारला गेला असता.

मग कंपनीकडून लेखी हिशेब मागवला. एकूण भरलं किती, बाकी किती, रात्री किती शिल्लक. थकबाकी असेल तर कंपनी ट्रान्सफरही करत नाही आणि सरेंडरही घेत नाही, त्यामुळे हा आकडा आधी कळायला हवा.

हप्ते चालू असतील तर सावध राहा. पैसे बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या वित्तसंस्थेच्या) कर्जातून भरलेले असतील, तर ते कर्ज वेगळं आहे. मेंबरशिप सोडली म्हणून ते सुटत नाही, आणि थकवलं तर सिबिलवर डाग पडतो. खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत, आपोआप बंद होईल, असा सल्ला देणारे भेटतात. तो धोक्याचा आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पुरेशा रकमेअभावी मँडेट (खात्यातून आपोआप रक्कम कापायची बँकेला दिलेली परवानगी) परत जाणं हा चेक बाउन्ससारखा गुन्हा ठरू शकतो. एएमसीचं मँडेट बंद करायचं तर बँकेत रीतसर अर्ज देऊन करा आणि कंपनीला त्याची कारणं लेखी कळवा.

यानंतर आत्याने सरेंडरचं पत्र लिहिलं. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. फोनवर झालेलं बोलणं कुठेच दिसत नाही, म्हणून प्रत्येक फोननंतर "आज आपलं असं बोलणं झालं" एवढा एक ईमेल. पत्रात वय, ऑपरेशन, प्रवास होत नाही ही वस्तुस्थिती, डॉक्टरांचा कागद, आणि स्पष्ट वाक्य की मला परतावा नको, मला पुढच्या देण्यातून मोकळं करा. रागाची भाषा तिला सुचत होती, मी काढायला लावली. वाचणारा कर्मचारी पगारी माणूस आहे. त्याला वर पाठवायला स्वच्छ कागद लागतो.

ज्यांचे सभासद आईवडील वारले आहेत, त्यांनीही हे ऐकावं. वडिलांचं देणं वारसाने स्वतःच्या खिशातून भरायचं नसतं. ते वडिलांकडून जे मिळालं त्याच्या मर्यादेपर्यंतच असतं. मात्र मेंबरशिप आपल्या नावावर करून घेतली, एखादं बुकिंग केलं, तर ती तुम्ही स्वीकारली असं होतं. नको असेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून तसं लगेच कळवा.

ग्राहक आयोगात केव्हा जायचं

मन बदललं, वय झालं, म्हणून आयोग पैसे परत देववत नाही. पण वर्षानुवर्षं बुकिंग मागूनही मिळालं नाही, कबूल केलेल्या सोयी दिल्याच नाहीत, खोटं सांगून सही घेतली, आणि याचे कागद तुमच्याकडे आहेत, तर ती सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अशा प्रकरणांत आयोगांनी परताव्याचे आदेश दिलेले आहेत. म्हणून नाकारलेल्या प्रत्येक बुकिंगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. "तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत," असं कराराच्या शेवटी बारीक अक्षरात असतं. त्यामुळे त्या हॉलमध्ये कागदाच्या मागे मुलाने पेनाने जे लिहून दिलं असेल, तो कागद सोन्यासारखा आहे.

करारात लिहिलेलं असतं की वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात, किंवा लवादाकडेच. त्याने घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. ठाण्याचा आयोग ठाण्यात, नवी मुंबईकरांसाठी ठाणे अतिरिक्त जिल्हा आयोग बेलापूरला कोकण भवनात. खारघर-पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात येतात, तिथल्यांनी चुकून बेलापूरला फेरी मारू नये. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही तक्रार दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर काही वेळा कंपनी तिथेच बोलायला तयार होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. आत्याला २०१४ साली दिवाळीत खोली नाकारली होती, तिचा राग अजून ताजा आहे, पण त्या तक्रारीची वेळ केव्हाच निघून गेलेली होती.

आत्याच्या दोन ईमेलना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं. चालू वर्षाची एएमसी भरा, परताव्याचा हक्क सोडल्याचं लिहून द्या, सरेंडर स्वीकारू. त्या दिवशी ती पुन्हा पावणेतीन लाखांवर आली. "म्हणजे तुझ्या काकांनी भरलेले सगळे गेले?" ते त्या रात्री साडेनऊलाच गेले होते, हे तिला सांगताना माझाही आवाज बारीक झाला. आता प्रश्न उरला होता तो पुढच्या २ लाख ८२ हजारांचा.

सही करण्याआधी तिने मसुदा दोनदा वाचला. चाळीस वर्षं शाळेत पेपर तपासलेली बाई. तिने पेनाने समासात एक वाक्य लिहून कंपनीला परत पाठवलं की सरेंडरच्या तारखेनंतर सभासदाकडून किंवा तिच्या वारसांकडून कोणतंही येणं राहणार नाही. कंपनीने ते वाक्य टाइप करून पत्र पुन्हा पाठवलं. तिने सही केली, एक प्रत मला दिली, एक मुलाला पाठवली, आणि तिसरी त्याच फाईलमध्ये काकांच्या सहीच्या पानावर लावून ठेवली.